वाचनयंत्र आणि अधिकारी वाचक

१

‘वाचक’ हा शब्द आज मराठीत माणसाचा निर्देश करतो. संस्कृत साहित्यशास्त्रात तो शब्दाचा निर्देश करीत असे. संकेतित अर्थ साक्षात सांगणारा शब्द तो वाचक, अशी मम्मटाची व्यवस्था आहे आणि वाचक, लाक्षणिक, व्यंजक या त्रयीत त्याला पहिले स्थान आहे. इंग्रजीतल्या ‘रीडर’ या शब्दाने अलीकडे असाच पालट अनुभवला. ‘ई-रीडर’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात माणूस येत नाही. हातात मावणारी, करड्या पडद्याची एक पाटी येते. वाचण्याच्या क्रियेचे कर्तेपण शब्दाकडे, माणसाकडे की यंत्राकडे, हा प्रश्न वरकरणी कोशकाराच्या कुतूहलाचा वाटतो. परंतु त्याला एक नैतिक बाजू आहे आणि प्रस्तुत निबंधाचा विषय ती बाजू आहे.

विद्युत्‌शाईचा पडदा वापरणारे पहिले वाचनयंत्र सोनी कंपनीने २००४ साली जपानमध्ये विक्रीस आणले. अ‍ॅमेझॉनचे किंडल २००७ मध्ये अमेरिकेत निघाले, २०१२ मध्ये त्याचे भारतीय दुकान उघडले आणि २०१६ च्या अखेरीस त्या दुकानात मराठी पुस्तके रीतसर दाखल झाली. बुकगंगासारख्या मराठी उपक्रमांनी त्यापूर्वीच ई-पुस्तकांची विक्री सुरू केली होती. महाराष्ट्रात मात्र या स्वतंत्र पाटीपेक्षा खिशातल्या मोबाइलवरच अधिक वाचले जाते. म्हणून येथे ‘वाचनयंत्र’ ही संज्ञा पाटी आणि मोबाइलवरील वाचनप्रणाली या दोहोंसाठी योजिली आहे. या सर्वांचा दावा एकच असतो: हे वापरण्यास सोपे आहे, शिकावे लागत नाही. हा दावा खरा की खोटा हे तपासणे अवघड नाही. वापरून पाहणाऱ्यास ते अर्ध्या तासात कळते. अवघड प्रश्न पुढचा आहे. ज्याला ते सोपे जात नाही त्याच्या अडचणीचे उत्तरदायित्व कोणाचे? त्याचे स्वतःचे, की ज्याने ‘सोपे’ हे विशेषण लावले त्याचे?

२

भारतीय ग्रंथपरंपरेत या प्रश्नाला एक जुने नाव आहे: अधिकार. शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन हे अनुबंधचतुष्टय सांगण्याचा प्रघात होता. हा ग्रंथ कोणासाठी आहे आणि त्याच्या वाचकाजवळ कोणती सिद्धता हवी, हे ग्रंथ आपण होऊन सांगत असे. काव्याच्या प्रांतात अभिनवगुप्ताने कल्पिलेला सहृदय हाही एका अर्थी अधिकारीच. काव्याच्या सतत परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, असा. या परंपरेची काळी बाजू सर्वविदित आहे. अधिकाराच्या नावाखाली शूद्रांना आणि स्त्रियांना ग्रंथाबाहेर ठेवले गेले. शके १२१२ मध्ये गीतार्थ मराठीत आला त्याचे मोल केवळ वाङ्मयीन नाही, ते अधिकाराच्या या व्यवस्थेला पाडलेल्या भगदाडाचे मोल आहे.

मराठीत ‘अधिकार’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. एक अर्थ पात्रता, दुसरा हक्क. ‘त्याचा त्या विषयात अधिकार आहे’ यात पहिला, ‘तो आमचा अधिकार आहे’ यात दुसरा. एकोणिसाव्या शतकापासूनच्या महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास म्हणजे वाचनाच्या बाबतीत पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे झालेली वाटचाल होय, असे स्थूलमानाने म्हणता येईल. वाचनयंत्राची गोची अशी की ते बोलते दुसऱ्या अर्थाची भाषा आणि चालते पहिल्या अर्थाने. सर्वांना, कोठेही, केव्हाही पुस्तक मिळेल, ही हक्काची भाषा झाली. प्रत्यक्षात पुस्तकापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र ई-मेलचा पत्ता, सांकेतिक शब्द, बँकेचे कार्ड किंवा मोबाइलवरून पैसे भरण्याची सोय, रोमन लिपीचा सराव आणि केवळ स्वतःचा असा एक दूरध्वनी क्रमांक अशी पात्रता लागते. शास्त्रग्रंथ निदान आपला अधिकारी कोण हे पहिल्याच पानावर सांगत. वाचनयंत्र ते सांगत नाही, आणि ज्याला आत जाता आले नाही त्याला आपण अडवले गेलो आहोत हेसुद्धा कळत नाही.

व्होल्फगांग इझरने १९७२ साली मांडलेली ‘अभिप्रेत वाचका’ची कल्पना येथे उपयोगी पडते. संहिता आपल्या रचनेतूनच एका वाचकाची जागा आखून ठेवते. प्रत्यक्ष वाचक त्या जागेवर येतो, कधी नीट मावतो, कधी मावत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मादलेन आक्रिश यांनी १९९२ मधील एका लेखात असाच विचार तांत्रिक वस्तूंच्या बाबतीत केला: वस्तू घडवणारा वापरणाऱ्याविषयीच्या आपल्या समजुती तिच्यात लिहून ठेवतो. या दोन विचारांना एकत्र आणले तर दिसते की, ई-पुस्तकाला दोन अभिप्रेत वाचक असतात. एक कादंबरीने कल्पिलेला, दुसरा यंत्राने कल्पिलेला. हे दोघे एकच माणूस असतील अशी काही शाश्वती नसते. कादंबरी ज्याच्यासाठी लिहिली गेली त्याच माणसाला यंत्र दारात थांबवू शकते. समीक्षेने पहिल्या वाचकाविषयी पुष्कळ लिहिले. दुसरा तिच्या नजरेतून बहुतांशी निसटला आहे.

३

हा दुसरा अभिप्रेत वाचक कोण नाही, हे पाहायचे तर अंबरनाथ एमआयडीसीत जावे. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींपैकी ही एक. रसायने, औषधे, अभियांत्रिकी अशा लहान-मध्यम कारखान्यांची येथे दाटी आहे आणि त्यांतला कामगार अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातून पाळीप्रमाणे येतो-जातो. वाचनयंत्रांविषयीच्या चर्चेत ‘तांत्रिक कौशल्य कमी असलेले वापरकर्ते’ असा एक वर्ग नेहमी कल्पिला जातो. इंग्रजी न जाणणारा, महाविद्यालयात न गेलेला कामगार त्या वर्गात आपोआप टाकला जातो.

हे वर्गीकरण किती पोकळ आहे ते येथील एखाद्या रसायन-कारखान्यातील ऑपरेटरच्या कामाकडे पाहिले तरी कळते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ‘अटेंडंट ऑपरेटर, केमिकल प्लांट’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. फिटर आणि टर्नर यांचेही अभ्यासक्रम दोन वर्षांचेच. रिअ‍ॅक्टरमधले तापमान किती चढले, जॅकेटमध्ये वाफ सोडायची की थंड पाणी, दाब वाढतो आहे तो प्रक्रियेमुळे की कोठे अडकल्यामुळे, हे तो प्रेशर गेज, तापमापक आणि ढवळणीचा आवाज यांवरून ताडतो. दर तासाच्या नोंदी लॉगबुकात करतो. नोंद हीही एक संहिता आहे आणि ती चुकीची वाचली गेली तर पुढच्या पाळीतील माणसाच्या जिवाशी गाठ असते. चिन्हे वाचून अर्थ लावणे, अर्थावरून कृती करणे, कृतीचा परिणाम पुन्हा चिन्हांत शोधणे, हे सर्व तो रोज आठ तास करतो. अशा माणसाला तांत्रिक कौशल्य नाही असे म्हणणे म्हणजे ‘तांत्रिक’ आणि ‘कौशल्य’ या दोन्ही शब्दांचा अर्थ हरवणे होय.

हाच माणूस पाळी सुटल्यावर लोकलमध्ये मोबाइलवर मराठी कादंबरी उघडू लागतो तेव्हा अडतो. पान उलटण्यासाठी पडद्याच्या कोणत्या भागाला स्पर्श करावा याची तेथे काहीच खूण नसते. मध्यभागी बोट लागले की अक्षरे जाऊन पर्यायांची पट्टी येते. ती घालवायची कशी हे लिहिलेले नसते. क्रमांक बदलला असेल तर जुन्या क्रमांकावर येणारा संकेतांक मिळत नाही आणि विकत घेतलेली पुस्तके पलीकडच्या तीरावर राहतात. तो म्हणतो, “मला यातले काही कळत नाही.” डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात दैनंदिन वस्तूंविषयी नोंदवलेले निरीक्षण हेच आहे: वस्तू सदोष असली तरी माणूस दोष स्वतःकडे घेतो. येथे नैतिक प्रश्नाची गाठ आहे. जे काम कठीण म्हणून ओळखले गेले आहे त्यात अपयश येण्यात लाज नसते. जे सर्वांना सोपे म्हणून जाहीर झाले आहे त्यात अपयश आले की ते व्यंग ठरते. ‘सुलभ’ हे विशेषण असे निरुपद्रवी नाही. ते ज्याला जमत नाही त्याचा निवाडा करते.

कारखान्याने या बाबतीत वाचनव्यवहारापेक्षा अधिक प्रामाणिकपणा दाखवला आहे, असे म्हणणे विचित्र वाटेल. कारखान्यातील पिळवणूक झाकण्याचा येथे उद्देश नाही. तरी एक गोष्ट खरी की, यंत्र शिकावे लागते हे तेथे कबूल असते. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा या कबुलीवरच उभा आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाने अधिनियमात ७-अ हे कलम घालण्यात आले आणि कामगाराला माहिती, शिक्षण, प्रशिक्षण व देखरेख पुरवण्याचे कर्तव्य भोगवटादारावर टाकण्यात आले. या बंधनाचे पालन किती होते हा वेगळा, बहुधा खेदाचा, विषय आहे. तत्त्व मात्र निःसंदिग्ध आहे: दुसऱ्याच्या हाती यंत्र देणाऱ्यावर ते शिकवण्याचे ऋण असते. वाचनयंत्राच्या व्यवहारात हे ऋण ‘शिकावे लागतच नाही’ या एका वाक्याने फेडून टाकलेले असते. शिकावे लागत नाही असे एकदा ठरले की शिकवणारा नेमावा लागत नाही, पुस्तिका छापावी लागत नाही, तीही मराठीत.

ग्रंथालयात हे ऋण ग्रंथपाल फेडत आला. रंगनाथनांनी १९३१ साली सांगितलेल्या पाच सूत्रांपैकी प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक आणि वाचकाचा वेळ वाचवा ही दोन सूत्रे आपल्याला तोंडपाठ आहेत. त्यांत गृहीत धरलेला माणूस मात्र आपण विसरतो. तालिका पाहता न येणारा वाचक काउंटरपाशी येऊन “ते हे हो, गेल्या वेळचे, त्याच लेखकाचे” एवढे म्हणाला तरी त्याचे काम होत असे. त्याची अपुरी भाषा पुरी करणारा कोणीतरी तेथे होता. आज महाविद्यालये विद्यार्थ्यांच्या हाती ई-ग्रंथांची प्रवेशपत्रे देतात आणि आपले कर्तव्य संपले असे मानतात. त्यांत मराठी विभागही आले.

४

कौशल्य अधिक तर यंत्र सोपे, कौशल्य कमी तर अवघड, अशी एकच शिडी कल्पिण्यात आणखी एक चूक आहे, आणि ती दृष्टिहीन वाचकाच्या उदाहरणाने उघड होते. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर अभ्यास करणारा दृष्टिहीन विद्यार्थी संगणकाच्या वापरात बहुधा आपल्या डोळस प्राध्यापकांच्या पुष्कळ पुढे असतो. त्याच्यापाशी कौशल्य भरपूर आहे. तरीही मराठी पुस्तकाचे निव्वळ छायाचित्र काढून केलेली प्रत त्याच्यापुढे आली की त्याचे सारे कौशल्य निरुपयोगी ठरते, कारण त्या प्रतीत अक्षरे नसतातच, अक्षरांची चित्रे असतात. जुन्या खासगी टंकांत जुळवलेल्या मजकुराचीही हीच गत. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण १९९१ साली निश्चित झाले, त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तरी मराठी प्रकाशनव्यवहार पुढे कितीतरी वर्षे आपापल्या टंकांच्या कुंपणात राहिला. त्या टंकांत जुळवलेले पान कागदावर देखणे दिसते; यंत्राला ते निरर्थक रोमन चिन्हांची रांग वाटते. म्हणजे अडचण वाचकाच्या हातात नसून प्रकाशकाच्या एका जुन्या सोयीत असते.

कायद्याने या बाबतीत बरेच अंतर तोडले आहे. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय प्रताधिकार कायद्यात विकलांग व्यक्तींसाठी सुगम प्रती करण्याची मुभा आली. २०१३ च्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झाले. हक्क या अर्थाचा अधिकार येथे मान्य झाला. मराठीत अशी सुगम प्रत प्रत्येक नव्या पुस्तकाबरोबर निघावी यासाठी मात्र कायद्याची नव्हे, प्रकाशकाच्या टेबलावरील एका फाइलीची गरज असते.

दुसऱ्या टोकाला वयोवृद्ध वाचक आहे. त्याला यंत्राचा सराव नसतो, आणि तरी यंत्राचा खरा उपकार होतो तो बहुधा त्याच्यावरच. अक्षर मोठे करता येते या एका गोष्टीने साठी ओलांडलेल्या कित्येकांचे सुटलेले वाचन परत मिळवून दिले आहे. नातवाने एकदा यंत्र लावून दिले की पुढचे जमते. यंत्राविरुद्ध सरसकट बोलणाऱ्यांनी या वाचकाचा विचार केलेला नसतो; छापील ग्रंथाचे गुणगान बऱ्याचदा चाळिशीच्या आतल्या डोळ्यांनी केलेले असते.

५

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो दुबळा नाही. छापील पुस्तकाला तरी कौशल्य कोठे लागत नाही? अक्षरओळख होण्यास वर्षे जातात. पोथीची सुटी पाने क्रमाने लावणे हेही शिकावे लागत होते. एकोणिसाव्या शतकात छापील धर्मग्रंथाला हात लावावा की नाही याची चर्चा झाली. शाईत चरबी असते या समजुतीने कर्मठांनी ते विटाळ मानले आणि तुपाची शाई वापरून मुद्रकांना त्यांची समजूत घालावी लागली. प्रत्येक नवे माध्यम आपला नवा अधिकार घेऊन येते, मग वाचनयंत्राकडूनच वेगळी अपेक्षा का करावी?

याचे उत्तर कौशल्याच्या मुदतीत आहे. अक्षरओळख एकदा झाली की ती वाचकाच्या मालकीची होते. पन्नास वर्षांपूर्वी शाळेत बालबोध शिकलेला माणूस उद्या छापलेले पुस्तक वाचू शकतो. प्रकाशक त्याची साक्षरता काढून घेऊ शकत नाही. वाचनयंत्राचे कौशल्य तसे नसते. एका पहाटे प्रणाली आपोआप अद्ययावत होते, खूण डावीकडून उजवीकडे जाते, एक बटण नाहीसे होते, आणि वाचकाने कष्टाने मिळवलेला सराव बाद ठरतो. तरुणाला दहा मिनिटांचा वैताग, वृद्धाला महिन्याभराचा. कौशल्य वाचकाकडे असले तरी त्याची मुदत ठरवणारा दुसराच असतो.

कौशल्य रद्द होणे म्हणजे काय याची आठवण या पट्ट्यात शिल्लक आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत निर्वासित म्हणून आलेल्या सिंधी समाजाचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. त्यांची साक्षरता अरबी वळणाच्या सिंधी लिपीत होती. नव्या देशात सिंधीसाठी देवनागरी हवी की जुनी लिपी, हा वाद त्यांच्यात तीव्रतेने झाला. अखेर दोन्ही लिप्या चालू राहिल्या आणि १९६७ मध्ये सिंधीला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. लिपी दोन राहिल्या, पण घरात वाचक दुभंगले: आजोबांच्या कपाटातील पुस्तके नातवाला चित्रासारखी. मराठी माणसाला हे परके वाटू नये. विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतून आणि कचेरीतून गेली, आणि आज स्वतःच्या पणजोबांचे खत वाचून घेण्यासाठी मोडीचा जाणकार गाठावा लागतो. हे बदल समाजाने चर्चा करून, चूक-बरोबर जे असेल ते, शासनामार्फत केले. वाचनयंत्रातील बदलाला ना सभा, ना ठराव.

६

साहित्याच्या अभ्यासकाला आणखी एक शंका अस्वस्थ करील. सुलभतेचा हा आग्रह साहित्याच्या स्वभावाविरुद्ध तर जात नाही? श्क्लोव्हस्कीने १९१७ साली म्हटले की, कलेचे काम वस्तू अनोळखी करणे, आकलन लांबवणे आणि अवघड करणे हे आहे. मर्ढेकरांची कविता सोपी करून देणारा मर्ढेकरांची कविता देत नाही. तेव्हा सुलभतेची मागणी कशासाठी?

दोन काठिण्यांत येथे भेद केला पाहिजे. संहितेचे काठिण्य वाचकाला काही देते. त्याच्याशी झगडल्यावर वाचक पूर्वीचा राहत नाही. साधनाचे काठिण्य काही देत नाही, फक्त घेते. सांकेतिक शब्द विसरल्याने कोणाचा आत्मा समृद्ध झाल्याचे ऐकिवात नाही. इतपत भेद स्पष्ट आहे. पंचाईत तेव्हा होते, जेव्हा साधन संहितेच्या अंगाला हात घालते. इव्हान इलिच यांनी बाराव्या शतकातील यूरोपीय हस्तलिखितांविषयीच्या १९९३ च्या ग्रंथात दाखवले की, पानाची मांडणी बदलली तशी वाचनाची क्रियाही बदलली. मराठी कवितेच्या बाबतीत हे आज रोज घडते आहे. वृद्ध वाचकाने अक्षर मोठे केले की ओळ पडद्यात मावत नाही. ओवीचा चरण मध्येच तुटून खाली येतो, मुक्तछंदाची ओळ कवीने जेथे थांबवली तेथे न थांबता यंत्राने जेथे मोडली तेथे थांबते. वाचकाला हे कळण्याचा मार्ग नसतो, कारण तुटलेली ओळ आणि मुद्दाम तोडलेली ओळ पडद्यावर सारखीच दिसतात. डोळ्यांचा हक्क आणि कवितेच्या ओळीचा हक्क असे दोन हक्क येथे समोरासमोर उभे राहतात. निवड करावीच लागली तर डोळ्यांच्या बाजूने करावी, कारण न वाचलेल्या कवितेची अभंग ओळ कोणाच्याच कामाची नाही. परंतु बहुतेक वेळा अशी निवड करावी लागते ती आळसामुळे. मावली नाही म्हणून खाली आलेली ओळ थोडी आत सरकवून दाखवण्याचा संकेत छापखान्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. तो पडद्यावर आणणे अशक्य नाही.

मराठीच्या अक्षरखुणांचेही तसेच. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांत गुरुजन आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे आणि ते सारे एका अर्ध्या ‘र’च्या वळणावर तोललेले आहे. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये मजकूर फिरवताना हा चंद्रकोरीसारखा ‘र’ बऱ्याचदा मोडतो. जाणता वाचक मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे जातो. नवखा वाचक तो दोष लेखकाचा मानतो, किंवा, अधिक वाईट म्हणजे, तसेच लिहावयास शिकतो. कोशाचीही अडचण अशीच आहे. शब्दावर बोट ठेवले की अर्थ दिसावा, ही यंत्राची खरोखर सुंदर सोय; पण मराठी नामाला विभक्तिप्रत्यय लागताना सामान्यरूप होते. ‘घोड्याला’ या शब्दावर बोट ठेवणाऱ्याला केवळ ‘घोडा’ ही नोंद ठाऊक असलेला कोश काहीच सांगू शकत नाही. मोल्सवर्थ चाळणाऱ्याला मूळ रूप शोधण्याचे व्याकरण आपण शाळेत शिकवले होते. यंत्राला ते शिकवण्याचे काम भाषेच्या अभ्यासकांचे आहे, अभियंत्याचे एकट्याचे नव्हे, आणि मराठीच्या विद्यापीठीय विभागांनी ते अद्याप आपले मानलेले नाही.

७

सुलभतेच्या बदल्यात वाचक काय देतो, हे पाहिल्याशिवाय विवेचन अपुरे राहील. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेल्या ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती, त्या विकणाऱ्यापाशी हक्क नव्हते म्हणून, त्यांच्या यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या. त्यांत ‘१९८४’ होते हा योगायोग कोणत्याही कादंबरीकाराला सुचला नसता. कंपनीने पुढे क्षमा मागितली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा पैसे परत मिळाले, पुस्तके उघडेनाशी झाली. अशा व्यवहारांत विकली जाते ती बहुधा वाचण्याची परवानगी. संगणकात मुरलेला वाचक यावर तोड काढतो. कोविद गोयल यांनी २००६ पासून घडवलेल्या ‘कॅलिबर’सारख्या मुक्त प्रणालीच्या साहाय्याने, जेथे कुलूप नसते तेथे, तो आपली पुस्तके आपल्या कपाटात लावतो, एका रूपातून दुसऱ्या रूपात नेतो. म्हणजे ज्याला कौशल्य आहे त्याच्यासाठी यंत्र सोपे तर आहेच, शिवाय त्याचे कुंपणही ठेंगणे आहे. ज्याला नाही त्याने सोपेपणा आणि कुंपण दोन्ही जसेच्या तसे स्वीकारायचे.

या कुंपणाचा फटका सर्वांत जास्त बसतो तो एकत्रित वाचनाला. मराठी कामगाराच्या वाचनाचा आरंभ एकट्याने केलेल्या वाचनात नाही. १८७७ साली पुण्यात कृष्णराव भालेकरांनी काढलेला ‘दीनबंधु’ पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईत चालवला, तो ज्या कष्टकरी वर्गासाठी होता त्यात अक्षरशत्रू बहुसंख्य होते. एक वाचणारा आणि भोवती ऐकणारे, अशा रीतीनेच असे पत्र त्या वर्गात पोहोचणे शक्य होते. पोथीही अशीच वाचली गेली. अशा वाचनात कौशल्य प्रत्येकापाशी असण्याची आवश्यकता नव्हती, वस्तीत एकापाशी असले तरी भागत होते. कौशल्यांतील भेद हा तेथे अडथळा नव्हता, माणसांना एकत्र आणणारे ते निमित्त होते. वाचनयंत्राचा अभिप्रेत वाचक मात्र एकटा असतो. एक खाते, एक क्रमांक, एक माणूस. अंबरनाथच्या कारखान्यातील कॅन्टीनमध्ये पुठ्ठ्याचे वेष्टन घातलेले एखादे पुस्तक जेवणाच्या सुट्टीत तीन-चार हातांतून फिरू शकते आणि परत येताना त्याला हळदीचे बोट लागलेले असते. कुलूपबंद ई-पुस्तक असे फिरू शकत नाही. फिरवायचे तर मोबाइलच द्यावा लागतो आणि मोबाइलबरोबर बँक, निरोप, घरचे फोटो असे सारेच द्यावे लागते.

वारशाचाही विचार करावा लागतो. पोथीच्या शेवटच्या पानावर ती लिहून घेणाऱ्याचे नाव असे; त्याच्यानंतर मुलगा खाली आपले नाव घालीत असे. ई-पुस्तकांच्या बहुतेक करारांत ही परवानगी अहस्तांतरणीय असते. बापाच्या खात्यात दोनशे पुस्तके असली तरी बापाच्या पश्चात मुलाच्या हाती येतो तो एक मोबाइल, आणि त्याच्या पडद्यावर सांकेतिक शब्द मागणारी रिकामी चौकट.